पास्कोलकाका आणि मुदत संपलेले रोल

पास्कोलकाका नव्या माणसाशी बोलायला लागण्याआधी त्याचं वय विचारतात. उगाच चौकशी म्हणून नाही. किती वेळ बोलायचं आणि किती मोठ्यानं बोलायचं, हे त्यावरून ठरतं. "दर दहा वर्सांना एक पायरी," हा त्यांचा नियम. एक पायरी म्हणजे दुप्पट. माझ्या सासूबाई एक्क्याऐंशीच्या. त्या पहिल्यांदा खाली बाकावर येऊन बसल्या तेव्हा काकांनी वय विचारलं, बोटांवर हिशोब केला आणि "नमस्कार" हा एक शब्द इतका लांबवला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. सासूबाईंचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. त्यांनी मला हळूच विचारलं, "ह्यांना कुठे दुखतंय का गं?"

हा नियम मुळात फोटोच्या रोलचा. ब्लॅक अँड व्हाइट रोलवर छापलेली तारीख उलटली की तो मंद होत जातो आणि त्याला उजेड जास्त द्यावा लागतो. तारीख उलटून दहा वर्षं झाली असतील तर दुप्पट, वीस झाली असतील तर चौपट. एवढंच. पण काकांनी तो नियम रोलच्या डबीतून बाहेर काढला आणि सगळ्या जगाला लावला. जुनी चहापावडर दुप्पट उकळायची. जुनं दार दुप्पट वेळ ठोकायचं. एकदा वॉचमन गावी गेला आणि आमचे सेक्रेटरी साळवी यांनी पाण्याचा पंप सांभाळायचं काम काकांना दिलं. पंप वीस वर्षांचा. म्हणजे दोन पायऱ्या. म्हणजे पाऊण तासाऐवजी तीन तास. टाकी भरली, गच्ची भरली, जिन्यातून धबधबा आला आणि कंपाउंडमध्ये एक छोटी खाडी तयार झाली. साळवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओरडत होते आणि काका शांतपणे म्हणत होते, "पंप दिसतो वीसचा, पन तो आतून तरुन हाय, हे मला कोनी सांगितलं नाय."

आमची इमारत माणिकपूरला. ती काकांच्या बापजाद्यांच्या वाडीतच उभी आहे. केळी गेली, नारळ गेले, विहीर बुजली आणि त्या बदल्यात काकांच्या लोपीस कुटुंबाच्या वाट्याला तळमजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट आला. नाक्यावर पस्तीस वर्षं काकांचा फोटो स्टुडिओ होता. माणिकपूरमधली निम्मी लग्नं त्यांनी "हनुवटी खाली, श्वास बंद" असं ओरडत पार पाडलेली आहेत. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, स्टुडिओच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आलं आणि काका उरलेला माल घेऊन घरी आले.

तो माल मला एका लिंबामुळे सापडला. मी मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर इथली झाले आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. एका रविवारी पोह्यांवर पिळायला लिंबू नव्हतं म्हणून खाली गेले. काकांची बायको, रेजिनाकाकू, कोलंबी सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझे हात खराब हायत. तूच घे फ्रीजमधून." मी भाजीचा कप्पा ओढला. आत भाजीचं पानसुद्धा नव्हतं. काळ्या टोप्यांच्या डब्या होत्या, दीडशे तरी असतील, अंड्यांसारख्या ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून मुदत संपल्याचं साल लिहिलेलं.

"आता आठवलं, लिंबू खिडकीत हाय," काकू म्हणाल्या. "आमच्याकडं भाजीला ऊन नि रोलला थंडी. नवऱ्यालापन तिथंच ठेवला असता, पन जागा कुठाय?"

एवढ्यात काका आतून आले. गुडघ्याला पट्टा बांधलेला, गळ्यात कॅमेरा. माझं वय विचारलं. मी बेचाळीस सांगितलं. त्यांनी वाक्य चार पायऱ्या लांबवून विचारलं, "तुझ्याकडं स्कूटर हाय नाऽऽऽ?"

तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, दर रविवारी सकाळी माझी स्कूटर समुद्रावर जाते. बहुतेक वेळा पाचूबंदरला, कधी राजोडीला. मी पुढे, काका मागे आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे रिक्षावाले आपोआप अंतर ठेवतात.

समुद्रावर काका फोटो काढतात असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. मुख्यतः ते फोटो काढत नाहीत. दोन तासांत फार तर तीन. आधी उन्हात तळहात उघडून ज्योतिष्यासारखा निरखतात आणि जाहीर करतात, "आज उजेड आंबट हाय." कधी तो पिठूळ असतो, कधी जाड. नक्की काय फरक असतो ते मी विज्ञानाची बाई असूनही मला सांगता येणार नाही. मग तिकाटणं उभं राहतं. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली माझी चप्पल जाते. एकदा त्यांनी एका खेकड्यासमोर चाळीस मिनिटं काढली. काकांनी खेकड्याला थांबवून धरलं होतं की खेकड्यानं काकांना, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरुवातीला मला कंटाळा यायचा. मग मी वह्या तपासायला नेऊ लागले. बांबूच्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत टाकलेले असतात, त्यांच्या सावलीत बसायचं, वहीवर शिंपला ठेवायचा म्हणजे पानं उडत नाहीत. शेंगावाल्याकडून कढत उकडलेल्या शेंगा घ्यायच्या. ओहोटीला होड्या एका कुशीवर कलंडून पडतात, त्यांच्याकडे बघत एकेक शेंग फोडायची. त्या दोन तासांत मला कुणी "मॅडम" म्हणत नाही, "आई" म्हणत नाही, "डबा भरला का" विचारत नाही. माझ्या वर्गातल्या वह्यांना मात्र कायमचा बोंबलाचा वास लागला. मुलं वही परत घेताना नाकाजवळ नेतात आणि माझ्याकडे संशयानं बघतात.

राजोडीला एका सकाळी लग्नाआधीचं फोटोशूट चाललं होतं. मुलीच्या झग्याची शेपटी दोन माणसांनी धरलेली, मागे गुलाबी धूर सोडलेला आणि मुलगा गॉगल लावून आकाशाकडे बघत उभा. काका सरळ त्या धुरात शिरले. मुलाला वय विचारलं.

"एकोणतीस, अंकल."

"म्हंजे दोन पायऱ्या. तिच्याकडं चौपट वेळ बघ. गॉगल काढ आधी."

मुलानं घाबरून गॉगल काढला आणि बघत राहिला. मुलगी पहिल्यांदा खोटी हसली, मग खरी लाजली, मग तिनं शेपटीवाल्यांना तिकडे तोंड करायला सांगितलं. त्यांचा फोटोग्राफर नंतर काकांना शहाळं पाजायला आला.

आता त्यांच्या स्वतःच्या फोटोंविषयी. काका न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून रोल धुतात. तेवढा वेळ रेजिनाकाकू आंघोळीला माझ्या घरी येतात. गेल्या वर्षी सोसायटीच्या स्नेहसंमेलनात काकांनी धुतलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. नाव दिलं, "आपली मानसं". बारा मोठे फोटो. पाचूबंदरचा जाळी विणणारा, शेंगावाला, चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा, मी, असे सगळे ओळखीचे. पडदा सरकला आणि आम्ही बघत राहिलो. बाराही फोटो पांढरट होते. नुसतं धुकं. कुठे जरा दाट, कुठे जरा विरळ. मी मनात जुन्या रोलला दोष दिला.

लोक सभ्य आहेत आमचे. कुणी "वा" म्हणालं, कुणी "आर्टिस्टिक". साळवी सातव्या फोटोसमोर थबकले आणि ओरडले, "ही तर तीनशे दोनच्या न्हाणीखालची ओल! मी वर्षभर सांगतोय, आता पुरावाच आला!" तीनशे दोनवाले धावत आले. म्हणाले, ओल नाही, ढग आहे. वाद इतका वाढला की पुढच्या मीटिंगमध्ये तो फोटो टेबलावर ठेवून चर्चा झाली. तो शेंगावाला होता. सासूबाई नवव्या फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "कुठले महाराज हे?"

"ही तुमची सून," काका म्हणाले.

सासूबाईंनी पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. जोडले हात ते जोडले."

गंमत म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी काकांनी तसल्याच रोलवर साळवींचा एक फोटो काढला होता. तो असा लख्ख आला की कानातले केस मोजावेत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

ती आली फुलाबायमुळे. फुलाबाय पाचूबंदरला सुकी मासळी विकते, काकांच्याच वयाची आणि लहानपणापासून त्यांच्या ओळखीची. तिला स्वतःचा फोटो हवा होता, मेल्यावर भिंतीवर लावायला. तोसुद्धा ब्लॅक अँड व्हाइट.

"रंगीत नको रे पास्कोल," ती म्हणायची. "रंगीत फोटोला हार घातला का वाटतं, बाय निवडनुकीला उभी हाय."

काका दर रविवारी टाळायचे. आज ओहोटी आहे, चेहरा लांब येईल. आज उजेड पिठूळ आहे, नाक उडून जाईल. आज रोलची डावी बाजू थकलेली आहे. फुलाबाय हट्टी. ती दर रविवारी नवं लुगडं नेसायची, अंबाड्यात अबोली माळायची आणि मासळीच्या उलट्या टोपलीवर जाऊन बसायची. काका खेकड्याकडे वळले की शिव्या द्यायची. त्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही, पण त्यांतली एकही दुसऱ्या आठवड्यात परत आली नाही, एवढं सांगते.

शेवटी एकदा तिनं टोपली उचलून थेट कॅमेऱ्यासमोर मांडली. "आज काढल्याबिगर हलनार नाय."

काकांनी काढला. खेकड्याला ते अर्धा सेकंद देतात. फुलाबायच्या वेळी बटण दाबून धरलं ते सोडेनातच. त्यांचे ओठ हलत होते. एक अख्खी प्रार्थना म्हणून झाली असेल. फुलाबाय श्वास धरून लाल झाली आणि खोकत सुटली.

दोन आठवड्यांनी फोटो तिच्या हातात पडला. पांढरा फटक. तिनं तो उलटासुलटा केला.

"ही मी? ही तर चुन्याची भित! भितीवर भित लावू का?"

काका मान खाली घालून हसत होते. पण आदल्याच दिवशी मी त्या रोलची निगेटिव्हची पट्टी त्यांच्या बेसिनवर वाळत टाकलेली पाहिली होती. फुलाबायच्या आधी खेकडा होता. स्वच्छ, नांगीवरचा काटा न् काटा दिसत होता. तिच्यानंतर होडी होती, तीही स्वच्छ. मधली फुलाबायची चौकट तेवढी काळीकुट्ट. निगेटिव्ह काळी पडते ती भलताच जास्त उजेड दिला की, आणि मग फोटो पांढरा येतो. रोल बिचारा ठणठणीत होता. काकांनी तो फोटो मुद्दाम उजेडात जाळला होता.

मी आधी रेजिनाकाकूंना विचारलं, काका माणसांचे फोटो असे का काढतात. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"निदान त्यांचे काढतात तरी," त्या हसून म्हणाल्या. "माझा त्यांनी एकपन काढलेला नाय. लग्नातले फोटो त्यांच्या दोस्तानं काढले, ते पुराच्या पान्यात गेले. पासपोर्टच्या फोटोला मला दुसऱ्याच्या दुकानात धाडलं." मग एक टॉवेल उगाचच दोनदा घडी करून म्हणाल्या, "फोटोवाल्याला कळतं ना गं. काहींचं तोंड फोटोत बरं येत नाय."

नंतरच्या रविवारी मी काकांना शेंगांच्या पुडीसमोर बसवलं आणि शाळेतला आवाज काढला. खेकडा दिसतो, होडी दिसते, साळवी दिसतात. मग फुलाबाय का नाही?

ते शेंगा सोलू लागले. खाल्ली एकही नाही.

"बापाला भितीवरचा फोटो पायजे होता," ते म्हणाले. "मी नुकता स्टुडिओ टाकलेला. बाप कोट घालून आला, स्टुलावर बसला. तसा फोटो मी परत जन्मात काढला नाय, बाय. डोळ्यांत खिडकी दिसत होती. शुक्रवारी काढला. सोमवारी मयत झाली."

"आजारी होते का?"

"हार्टचे पेशंट. म्हटलं, योगायोग. मग आयचा काढला. पावसाळा काढला नाय तिनं. मग आत्या. मग बाजूचा बावतीसमामा. गावात लोक मस्करी करायला लागले, पास्कोलनं फोटो काढला म्हंजे मयताच्या पेटीचं माप घ्या."

"काका, ती सगळी माणसं म्हातारी होती. म्हणून तर फोटो काढायला आली. यात काही विज्ञान नाही."

"मला गनित कळतं," ते म्हणाले. "बोटाला कळत नाय."

"आणि पस्तीस वर्षं एवढी लग्नं, एवढे पासपोर्ट? ती माणसं नाही मेली?"

"ती माझी कोन होती?"

प्रदर्शनातला नववा फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला. सासूबाईंनी हात जोडलेलं ते धुकं. एवढं दाट धुकं त्या बारांत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"फुलाबाय शिव्या देते," काका म्हणाले. "देऊ दे. शिव्या द्यायला असली पायजे."

"आणि काकू?"

त्यांनी सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले. "तिच्यावर कॅमेरा धरायलाच भीती वाटते."

मी हे पोटात ठेवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या आणि मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं त्या हसतील. त्या तिथेच पायरीवर बसल्या. पिशवीतली गवार एकेक करून सरळ लावत राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी रिक्षानं येते."

त्या आमच्या आधीच पोचल्या. निळी साडी, चर्चमधून तशाच आलेल्या. फुलाबायच्या टोपलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "काढा."

काकांनी तळहात उघडला. "आज उजेड—"

"उजेडाचं नाव काढू नका."

"रेजिना, नको. तुला काय झालं तर?"

"झालं तर तवा बघू." काकूंचा आवाज चढला नाही. "अडतीस वर्सं मी आरशात बघून समजले का माझ्या तोंडात काय तरी खोट हाय. पोरांच्या लग्नातपन मी फोटोत मागं मागं उभी राहिले. त्याचं काय?"

फुलाबाय शेजारीच होती. तिला एकही शिवी आठवली नाही.

काकांनी तिकाटणं लावलं. मी न सांगता चप्पल दिली. कॅमेरा बसवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मग त्यांनी बटण दाबलं. अर्धा सेकंद. मी मनात मोजला. आणि लगेच धावत जाऊन त्यांनी काकूंचं मनगट धरलं आणि नाडी बघत बसले, शेंगा संपेपर्यंत.

"आता माझा नंबर," फुलाबाय म्हणाली.

"तुझा नाय," काका मनगट न सोडता म्हणाले. "तू भांडत राहा."

पुढचे तीन आठवडे काकांनी तो रोल धुतला नाही. धुतला नाही तर फोटो झालाच नाही, असं त्यांचं म्हणणं. काकू स्टुलावर चढल्या की काका खालून स्टूल धरायचे. काकू चालल्या की मागे चालायचे. काकू शिंकल्या की डॉक्टर. न्हाणीघराबाहेर उभं राहून हाक मारायचे, "रेजिना?" आणि आतून वर्गातल्या हजेरीसारखं यायचं, "हाऽय!" एकदा त्यांनी मला वर फोन केला, की ती दुपारची झोपलीय, श्वास घेताना खांदा हलायला पाहिजे की पोट?

शेवटी काकूंनीच तो रोल काढून न्हाणीतल्या रसायनांच्या बाटल्यांशेजारी ठेवला आणि साबण-टॉवेल घेऊन माझ्याकडे वर आल्या. "मी आता खाली नाय जानार," म्हणाल्या, "धुऊन झाल्याबिगर."

दुपारी आम्ही दोघी खाली गेलो. दोरीवर ओला फोटो चिमट्याला लटकत होता. कडा करपल्यासारख्या काळवंडलेल्या, सगळीकडे मिठाच्या खड्यांसारखे दाणे, जुन्या रोलचे. मध्ये रेजिनाकाकू. वाऱ्यानं केस सुटलेले, ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे थेट समोर, भांडायला उभ्या असल्यासारखे. पापणी न् पापणी दिसत होती.

काकू जवळ गेल्या. खूप वेळ बघत राहिल्या. मग हळूच स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं.

"हे नाक माझ्या आयचं हाय," त्या म्हणाल्या. "आयचा फोटोच नव्हता आमच्याकडं. मी चार वर्सांची होते ती गेली तेव्हा, पन नाक तेवढं ध्यानात हाय. मला कोनी सांगितलं नाय."

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, नाकावर बोट ठेवून, उन्हाच्या तिरिपेत, हसू का रडू अशा चेहऱ्यानं.

काका फोटोकडे बघतच नव्हते. ते दारातून त्यांच्याकडे बघत होते.

"थांब," ते म्हणाले. "अशीच थांब जरा. हलू नको." आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत कॅमेरा आणायला आत गेले.

काकू थांबल्या.